लाल पुठ्ठ्याची पोथी

पुस्तक अर्धवट टाकलं की त्यातली माणसं जिथल्या तिथे अडकून पडतात, यावर लहानपणी माझा ठाम विश्वास होता. जेवणाच्या पानावर पुस्तक मिटलं तर आतल्या माणसाचा घास हातातच राहतो. विहिरीत डोकावणारी बाई डोकावलेलीच राहते आणि तिची कंबर धरते. म्हणून पुस्तक मिटण्याआधी मी सगळ्यांना नीट बसवून घ्यायची. कोणी उन्हात उभं असेल तर तो सावलीत येईपर्यंत वाचत राहायची, मग आई लाटणं घेऊन का येईना. एकदा भूगोलाच्या पुस्तकातली नदी नेमकी धबधब्याच्या टोकावर आलेली असताना मला हाक आली. ती नदी तशीच कड्यावर लोंबकळत ठेवून मी उठले, आणि पुढे आठवडाभर आमच्या चाळीच्या नळाला पाणी आलं नाही. कोणाला खोटं वाटेल. वाटू दे. त्यानं त्या वर्षी आमच्या नळावर रांगेत उभं राहून बघायला हवं होतं.

ही चाळ सामरवरणीत, सिल्वासाच्या कुशीला. पत्र्याची, एका रेषेत, सुताच्या कारखान्याच्या पाठीला पाठ लावून. नव्वद सालच्या आगेमागे तिथे कारखाने अळंब्यांसारखे उगवत. शाळेत जाताना रिकामं दिसलेलं शेत परत येताना भोंगा वाजवायचं, असं मी गावाकडच्या मावसभावंडांना सांगायची, आणि ती विश्वास ठेवायची. नळावर गुजराती, कारखान्यात हिंदी, घरात खानदेशी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. चार भाषांत खोटं बोलता येणारी मुलगी आख्ख्या दादरा नगर हवेलीत मी एकटीच असेन. चाळीतली बाकी पोरं गुजराती शाळेत जायची. त्यामुळे मराठी अक्षर चाळीत आलं की ते माझ्या तोंडातूनच पुढे जायचं: लग्नपत्रिका, औषधाच्या पुडीवरची सूचना, भेळेच्या कागदावरची अर्धी बातमी. त्या बातमीचा उरलेला अर्धा भाग मी पदरचा घालायची. फुकट.

आमच्या भिंतीपलीकडे आक्का राहायची. ती आमची नात्यानं कोणी नव्हे. आईच्या गावाशेजारच्या गावची, एवढंच. पण परक्या मुलखात तेवढं नातं सख्ख्यापेक्षा जाड असतं. आक्का पेनांच्या कारखान्यात होती. पेनात रिफिल घालायची, टोपण लावायचं, पुढचं पेन घ्यायचं. नापास झालेली पेनं ती मला आणून द्यायची. ती इतकी गळायची की माझी आठवीची सगळी उत्तरं निळ्या पुरात वाहून गेली, आणि मास्तरांनी काठावर उभं राहून मला गुण दिले.

तिचा नवरा आमच्या मागच्या सुताच्या कारखान्यात. संध्याकाळी यायचा तो केसात, भुवयांत, मिशीत पांढरा कापूस घेऊन. आक्का दारातच अडवायची, "माणूस आला का बोचकं?" तो नाकातल्या नाकात गुणगुणत अंग झटकायचा. बोलायचा कमी.

त्या आषाढात कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. माझे वडील दुसऱ्या कारखान्यात होते म्हणून आमची चूल वाचली. आक्काचा नवरा एका मुकादमाबरोबर कामाच्या शोधात निघाला. सुरतेकडे म्हणाला, मग त्याच्याही पुढे म्हणाला. जाताना उंबऱ्यात बसून चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवत होता. आक्काला म्हणाला, "काम लागलं का येतो. तोवर खोली सोडू नको. मला दुसरं दार माहीत नाही." मग आणखी काही बोलायचं असल्यासारखा थांबला आणि गुणगुणत निघून गेला.

श्रावण लागला तरी त्याचा पत्ता नव्हता. आक्कानं पोथी लावायची ठरवली. तिच्या माहेरी असा नेम होता: गेलेलं माणूस सुखरूप यावं म्हणून पोथी लावायची, दिवेलागणीला रोज एक अध्याय, चार बायका जमवून. आणि या नेमाला काटे भरपूर. अध्याय चालू असताना उठायचं नाही. लावलेली पोथी अर्धी ठेवायची नाही. आणि ज्या बाईनं लावली, तिनं पोथी पुरी होईपर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही. पेनांचा कारखाना वेशीच्या आत होता, ही देवाची कृपा.

वाचणार कोण? मीच. ट्रंकेतून पोथी निघाली, पाट मांडला, समई लावली, नारळ ठेवला. पहिला अध्याय मी असा खणखणीत वाचला की पलीकडच्या रस्त्यावर ट्रक थांबले. दुसऱ्या दिवशी पत्रा गळला. आमच्याकडचा पाऊस थेंबाथेंबानं पडत नाही, बादल्या उपड्या करतो. संध्याकाळी आक्कानं पाटावरचं फडकं उचललं आणि किंचाळली, "व माय! पोथीचं तं पीठ झालं!"

खरंच झालं होतं. पानं एकमेकांत मुरलेली, शाई पार उतरलेली. माझी आई म्हणाली, वाळवू. वाळवली, तर उन्हाअभावी तिला बुरशी आली. सिल्वासाच्या बाजारात तशी पोथी मिळेना. मिळत होत्या त्या गुजराती. आक्का सुतक आल्यासारखी भिंतीला टेकून बसली. लावलेली पोथी मोडली म्हणजे वाट पाहिलेलं माणूस वाटेतच मोडलं, असं तिच्या डोळ्यांत लख्ख लिहिलं होतं, आणि ते वाचायला मला शाळेची गरज नव्हती.

तेव्हा मी वाचनालयातून आणलेली एक कादंबरी वाचत होते. वाचनालयात मराठीचं एकच कपाट होतं, खालच्या खणाला वाळवी. त्यातलं हे सगळ्यात जाड पुस्तक. लाल कापडी पुठ्ठ्यात बांधलेलं, नावाचं पान फाटलेलं, त्यामुळे नाव ना गाव. आक्काची नजर त्या लाल पुठ्ठ्यावर गेली.

"ही कोणती पोथी?"

"पोथी नाही गं. गोष्टीचं पुस्तक आहे."

"देव आहे का त्यात?"

मी आठवून पाहिलं. पहिल्याच पानावर तांडेलाची बायको समुद्राकाठच्या देवळात दिवा लावत होती. "आहे," म्हटलं. "सुरुवातीलाच आहे."

"मग झालं तर," आक्का उठली आणि पदर खोचला. "देव आहे, पुठ्ठा लाल आहे, आणि जाड आहे. लाव."

आई म्हणाली, "अगं, असं कसं चालेल?" आक्का म्हणाली, "ताई, माणूस बुडताना फळी कोणत्या झाडाची ते बघतो का?" आणि तिनं कादंबरीला हळदकुंकू वाहिलं.

अशी ती कादंबरी आमच्या चाळीत पोथी झाली. गोष्ट कोकण किनाऱ्यावरची. तांडेल गलबत घेऊन दर्यावर जातो, त्याची बायको घरी राहते. गावचा खोत तिच्या घरावर डोळा ठेवून असतो, आणि ती रोज संध्याकाळी दिवा घेऊन खडकावर उभी राहते. ऐकणाऱ्या बायकांपैकी एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. मी समजावलं, मधुबनचं धरण आठवा आणि मनातल्या मनात त्याची भिंत काढून टाका. सगळ्यांनी काढली, आणि एक जण घाबरून भिंतीकडे सरकली. खोत आला की बायका कडाकडा बोटं मोडायच्या. तांडेलाची बायको जेवायला बसली की आक्का मला थांबवायची.

"आमटीत काय घातलं तिनं?"

"नारळ."

"आणि भाजीत?"

"नारळ."

"शेंगदाण्याचं कूट नाही?"

"नाही गं, कोकणात नारळच घालतात."

"बिचारी," आक्का हळहळायची. "नवरा जवळ नाही म्हटल्यावर बाई नीट रांधत पण नाही."

आणि दुसऱ्या दिवशी पोथीपुढे नैवेद्याला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. तांडेलाच्या बायकोसाठी. अध्याय संपला की ती मीच खायची, त्यामुळे मला तांडेलानं लवकर परत यायची काही घाई नव्हती.

सर्वपित्री अमावास्येच्या सुमाराला पुस्तक संपत आलं. वादळ होऊन गेलेलं. एकेक करून सगळी गलबतं बंदराला लागलेली, फक्त त्याचं नाही. बायको खडकावर उभी. वारा सुटलेला, दिवा फडफडतोय. मी पान उलटलं. तिथे मोठ्या अक्षरांत होतं, भाग पहिला समाप्त.

मी ते वाचलं.

"मग?" आक्कानं विचारलं.

"मग नाही. दुसऱ्या भागात आहे."

"मग आण ना दुसरा."

वाचनालयात दुसरा भाग नव्हता. तिथल्या काकांनी कपाटात डोकं घालून पाहिलं, वाळवीलाही विचारलं असावं. मी वापी स्टेशनवरच्या पुस्तकाच्या गाड्यापर्यंत वडिलांना पिटाळलं. शाळेतल्या प्रत्येक मास्तरांना छळलं. माझ्या मूळ श्रद्धेला आता भयंकर धार आली होती. ती बाई खडकावर अडकली होती, वारा सुटला होता आणि तिला तिथून हलवणं माझ्या हातात नव्हतं. मला ताटावर बसलं की तिचे पाय दुखताना दिसायचे.

दसऱ्याच्या पाठोपाठ गावाहून आक्काचा जेठ आला. नवऱ्याचा थोरला भाऊ, उंचापुरा, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. तिला न्यायला आला होता. आता आमच्याकडे भावजय आणि जेठ एकमेकांशी बोलत नाहीत. ती डोक्यावरून पदर ओढून पाठमोरी बसते, तो छपराशी बोलतो, आणि मध्ये कोणीतरी तिसरं लागतं. चाळीत तोंड म्हटलं की ते माझं. मी दोघांच्या मधोमध पाटावर बसले.

"पोरी, तिला म्हणावं, एकटी बाई कारखान्याच्या गावात किती दिवस राहणार? गावाला घर आहे, शेत आहे. कापूस वेचायला आला."

हे सगळं तिनं हातभर अंतरावरून ऐकलेलं, तरी मी तोंड वळवून पुन्हा सांगायचं. सांगितलं. कापूस थोडा वाढवून सांगितला.

आक्का भिंतीला म्हणाली, "त्यांना सांग, तुमच्या भावानं खोली सोडू नको म्हटलंय. त्याला दुसरं दार माहीत नाही."

"तिला म्हणावं, त्याला गावाचं दार जन्मापासून माहीत आहे."

आक्कानं पदर आणखी खाली ओढला. मग ती हळूच म्हणाली, "त्यांना सांग, पोथी लावलीय. अर्धी झालीय. पुरी झाल्याबिगर मला वेस ओलांडता येत नाही."

जेठानं पाटाकडे पाहिलं. लाल पुठ्ठा, हळदकुंकू, समई. माणूस देवभोळा. त्यानं टोपी काढून पुस्तकाला हात जोडले. "असं आहे होय," तो छपराला म्हणाला. "मग पोथी मोडून मी नेणार नाही. दिवाळी झाली की येतो."

तो गेला. मी दुसऱ्या भागाचा शोध दुप्पट जोरानं चालू केला. रोज शाळेतून आले की आक्का दारातच विचारायची, "मिळाला का?" मी मान हलवून नाही म्हणायची. मग ती डब्यातून गूळशेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवायची. मला वाटायचं, ती माझं सांत्वन करते आहे. चार भाषा येत होत्या मला.

आमच्या मराठीच्या बाई रत्नागिरीकडच्या. त्यांची जीभ तिखट आणि वाचन अफाट. मी त्यांना पुस्तकाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"कादंबरीला हळदकुंकू?"

"हो, बाई."

"आणि नैवेद्य?"

"शेंगदाण्याची चटणी."

"अगो, धन्य आहे! त्या लेखकाला त्याच्या हयातीत कोणी चहा विचारला नसेल. थांब, आमच्या गावच्या वाचनालयात दोन्ही भाग आहेत. दिवाळीला जाते तेव्हा आणते."

आणि आणला की हो! सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच दिवशी बाईंनी पिशवीतून तो काढला. याचा पुठ्ठासुद्धा लाल. मी तो डोक्यावर धरून शाळेपासून चाळीपर्यंत अशी पळाले की वाटेत दोन टेम्पो मागे टाकले. चाळीच्या तोंडापासूनच ओरडत गेले, "मिळाला! आक्का, मिळाला! दुसरा भाग मिळाला!"

आक्काच्या दारात खाट टाकलेली होती. खाटेवर जेठ बशीतून चहा पीत बसला होता.

तो उठला. बशी खाली ठेवली, पुस्तकाला हात जोडले. "देव पावला," म्हणाला. "लाव, पोरी. आजच लाव."

मी हसत हसत आक्काकडे पाहिलं. पदर इतका खाली ओढलेला की चेहरा दिसत नव्हता, पण हात दिसत होते. एका हातात गुळाचा खडा होता, माझ्यासाठी काढून ठेवलेला. तो तिनं तसाच परत डब्यात टाकला. त्या आवाजानं मला सगळं कळलं. ज्या खडकावरून त्या बाईला सोडवायला मी जिवाचं रान केलं, त्याच खडकावर आमची आक्का पाय रोवून उभी होती. आणि मी तिच्या पायाखालचा तो खडक उपटून, डोक्यावर घेऊन, धावत पळत आणला होता. ओरडत.

आता काय करणार? पुस्तक परत पिशवीत जात नाही. सगळ्या चाळीनं ऐकलं होतं.

त्या संध्याकाळपासून चाळीतल्या बायकांनी जे केलं, ते मी कुठल्याही पोथीत वाचलेलं नाही. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. पण वाचायला बसलं की माझ्या आईला आधीचा अध्याय आठवेनासा व्हायचा. "पुन्हा वाच गं, माझं लक्ष नव्हतं." एका बाईला उचकी लागायची ती मला जांभया येईपर्यंत थांबत नसे. तिसरी आरती म्हणू लागायची, मग सगळ्यांनी साथ द्यायची, मग ज्या देवांना आमच्या गावात देऊळही नाही त्यांच्याही आरत्या व्हायच्या. आणि मी? मी समुद्र वाढवला. पुस्तकात नसलेली बेटं घातली. तांडेलाला एका माशानं गिळला, त्या माशाला दुसऱ्यानं गिळला, आणि दोन्ही माशांच्या पोटातून त्याला वाट काढायला आठवडा लागला. खोताला मी चार वेळा मारला आणि पाच वेळा जिवंत केला.

गंमत म्हणजे जेठाला हे भारी आवडलं. तो खाटेवरून उठून उंबऱ्याशी येऊन बसू लागला. "मग?" तो छपराला विचारायचा. "माशाच्या पोटात उजेड होता का?" गावाला परत जायचं त्यानं दोनदा ठरवलं आणि दोनदा उद्यावर टाकलं. एका संध्याकाळी तांडेलाची म्हातारी आई मुलाच्या नावानं अंगणात तुळस लावते, असं वाचलं. ते खरं पुस्तकातलं होतं. वर पाहिलं तर हा एवढा मोठा बाप्या टोपीनं डोळे पुसतोय. "तिला म्हणावं," तो म्हणाला, "मी काय वैरी नाही. तो माझा पण भाऊच आहे. पण तो आला नाही तर ही इथे कोणाच्या आधारानं म्हातारी होणार?"

मी तोंड वळवलं, पण मला ते वाक्य पुढे देता येईना. ते मी मोठं करू शकत नव्हते आणि लहानही करू शकत नव्हते. आक्कानं भिंतीकडे तोंड करून मान हलवली, म्हणजे पोचलं.

माणूस कितीही थापाडं असलं तरी पुस्तकाला शेवट असतोच. गावाहून निरोप आला की कापूस बोंडांतून खाली गळायला लागलाय, माणूस मिळत नाही. जेठ म्हणाला, आज संपव. मी उजवीकडची पानं चिमटीत धरली आणि ती मला नखाइतकीही जाड लागेनात. वाचत गेले. उचकी लागली नाही. आरती कोणी म्हटली नाही. त्या दिवशी बायकांनाही कळलं होतं.

शेवटून दुसऱ्या पानावर पावसाळी संध्याकाळ. तांडेलाची बायको घरात दिवा लावतेय. बाहेर अंगणात एक माणूस येऊन उभा राहतो. भिजलेला, तोंड अंधारात. तो कडीकडे हात नेतो. तो तांडेल आहे, की त्याचं काही सांगायला आलेला दुसराच कोणी, ते पुस्तक सांगत नाही. सांगणार होतं ते पुढच्या पानावर. मी पान उलटायला बोट ओलं केलं.

पानावर आक्काचा हात पडला. सालं निघालेली बोटं, नखांत निळी शाई.

तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला, वळली, आणि सरळ जेठाच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "दादा, एवढं एक पान राहू द्या."

लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. जेठानं छपराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोणीतरी मध्ये पडून हे त्याला पुन्हा सांगावं म्हणून. मी तोंड उघडलंच नाही. शेवटी त्यानं तिच्याकडे बघितलं, पण पुरतं नाही, कानाच्या बाजूला कुठेतरी.

"राहू दे," तो म्हणाला. "राहू दे, बाई. परत येशील तेव्हा ऐक."

"मग वेस?" आई पुटपुटली.

"देवाला माझ्या नावानं सांगा," तो म्हणाला. "काय लागेल ते मला लागू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती गेली. खोलीची किल्ली आईच्या हातात दिली. मला म्हणाली, "ते पान वाचू नको हं. तो दारातच आहे ना?"

"दारातच आहे," म्हटलं.

"मग राहू दे तिथं. परत तरी जायचा नाही."

पुढच्या आठवड्यात बाईंनी पुस्तक मागितलं. त्यांच्या गावाकडचं कोणी जाणार होतं, त्याच्या हाती परत पाठवायचं होतं. मी शाळेच्या फाटकाशी दिलं. त्यांनी पुठ्ठ्यावरची हळद पदरानं पुसत विचारलं, "काय मग, झालं वाचून?"

"एक पान राहिलंय."

"अगो, एका पानासाठी काय? वाच इथेच उभ्यानं."

"नको, बाई."

"वेडी आहेस काय? बरं, मीच सांगते. शेवटी तो जो दारात—"

मी दोन्ही कानांवर हात दाबले आणि पळाले. पळता पळता मोठ्यानं पाढे म्हटले, पाढे संपले तेव्हा गुजराती कविता, ती संपली तेव्हा नुसती बोंब. दमणगंगेच्या पुलाशी थांबले तेव्हा आजूबाजूचे लोक माझ्यासाठी पाणी शोधत होते. त्यानंतर बाईंनी तो विषय कधी काढला नाही.

संक्रांतीनंतर चाळीच्या मालक शेठनं ती खोली दुसऱ्यांना दिली. नवरा, बायको, तान्हं मूल, थेट उत्तरेकडचे. कुलूपसुद्धा बदललं. आईनं जुनी किल्ली तरी देवाच्या कोनाड्यातून काढली नाही. मला म्हणाली, "त्या बाईला हिंदीत सांग, एक माणूस येईल, त्याला हाकलू नको, आमच्याकडे पाठव."

मी सांगितलं. ती बाई भली होती. मूल कडेवर सरकवत म्हणाली, "कैसा दिखता है?"

मी सांगू लागले. उंच आहे. उन्हानं रापलेला. दाढी वाढलेली, छाती रुंद, कपडे भिजलेले. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

"कोणाचं सांगतेस, भवाने? ठेंगणा होता तो! गालावर देवीचे वण होते."

मला वण आठवेनात. डोळे मिटून खूप प्रयत्न केला. केसातला कापूस आठवला, आणि ते नाकातलं गुणगुणणं. चेहऱ्याच्या जागी मात्र तो तांडेल येऊन उभा राहायचा, आणि तोही अंधारात. जगातल्या कुठल्याही माणसाचं वर्णन करू शकणारी मी, भिंतीपलीकडच्या माणसाचं नाक सांगू शकले नाही.

त्या बिचारीचा यात पुरता गोंधळ झाला. उंच की ठेंगणा, दाढीवाला की वणांचा, तिला ठरवता येईना. म्हणून तिनं सोपा मार्ग काढला. दाराशी जो कोणी अनोळखी पुरुष येईल, त्याला ती आमच्याकडे पाठवू लागली. विजेचं मीटर बघणारा आला, पत्ता चुकलेला ट्रकचा क्लीनर आला, घोंगड्या विकणारा आला, एकदा तर तिचा स्वतःचा सख्खा भाऊ आमच्या दारात येऊन उभा राहिला. आई प्रत्येकाला आत बोलवायची. लोटीभर पाणी द्यायची, पदरानं हात पुसत त्याच्या गालाकडे निरखून बघायची आणि विचारायची, "कुठून आलात?"

तो सांगायचा. आई म्हणायची, "बरं बरं. बसा, चहा टाकते."